सहा व्होल्ट

इंजिन सुरू झालं की तो लाल बल्ब विझायला हवा.
विझत नाही.
रेस दिली, बंद केली, पुन्हा किक मारली,
हेडलाइटच्या डोक्यावर तो तसाच,
डोळे आलेल्या माणसासारखा बघत.

आधी मी बॅटरीला दोष दिला. सगळेच देतात.
नव्या पेठेत चार दुकानं हिंडून सहा व्होल्टची आणली;
तिसऱ्या दुकानदाराने विचारलं, खेळण्यात घालायचीय का?
मग रेग्युलेटर बदलला. मग वायरी.
अर्थिंगची जागा चेसिसवर घासून पांढरी केली.
मीटरचा काटा सहावर. रेस पिळली तरी सहावरच,
एप्रिलच्या दुपारी विजापूर वेशीत
भाडं नाकारून झोपलेल्या रिक्षावाल्यासारखा.

ही गाडी नायनाची. शहात्तरची येझदी.
तेव्हा एकाच प्रिंटवर दोन थिएटरं चालायची,
सहाचा खेळ इकडे, साडेसहाचा तिकडे,
आणि मधे रिळांची पेटी
मागच्या सीटला सायकलच्या ट्यूबने बांधून नायना.
पहिलं पोचवायचं, दुसरं न्यायला माघारी यायचं.
कन्ना चौकात म्हैस आडवी आली
की तिकडे हिरो निम्म्या गाण्यात अंधारात जायचा
आणि आठशे माणसं नायनाला शिव्या द्यायची,
नाव ठाऊक नसताना.

"लाल विझल्याबिगर निघायचं नाही."
दहावीच्या पेपराला जातानाही त्याने मला हेच सांगितलं.
मी कितीतरी वर्षं अर्थ लावत बसले.
अर्थ नव्हता. तो गाडीबद्दलच बोलत होता.

गैबीसाब नदाफ ऐंशीला टेकलेला.
दुकानात आता मुलगा मोबाईल दुरुस्त करतो,
म्हातारा पायरीवर.
माझा मीटर त्याने बघितलाच नाही.
उजवं कव्हर उघडलं, बोट आत घातलं,
बोटाला काळी पूड आली ती हुंगली.
"कार्बन सरलाय. तारेला टेकलाय.
ह्याचा आता मिळत नाही. बस."
ट्रॅक्टरच्या डायनामोचा कार्बन घेतला
आणि शहाबादी फरशीवर घासत बसला,
दहा वेळा घासायचं, बसवून बघायचं,
काढायचं, फुंकायचं, परत घासायचं.
तांब्याच्या पट्ट्यांमधल्या चिरा
हॅक्सॉच्या तुटक्या पात्याने कोरल्या.
दोन चहा झाले. ऊन पायरीवरून उतरून गटारापलीकडे गेलं.

किक.
लाल.

मी त्याच्याकडे बघितलं. तो गाडीकडे.
"इसरलंय ते," म्हणाला.
"लोखंडात जरासं चुंबक शिल्लक लागतंय, ताई,
तेवढ्यावर बाकीचं उठतंय.
बारा वर्सं उभी करून ठेवलाव. इसरणारच की."

मग सीटखाली हात घालून
कटआउटचा पॉइंट त्याने बोटाने दाबला, क्षणभर.
बारीक निळी ठिणगी.
ज्याने बॅटरीला द्यायचं, त्यालाच बॅटरीने थोडं दिलं.

नायना शेवटच्या वर्षी पाच वाजताच उठून बसायचा,
दुसरं रीळ कुठंय म्हणून घर डोक्यावर घ्यायचा.
मी शेंगाचटणीचा डबा त्याच्या हातात द्यायचे.
जड आहे ना, बघायचा.
मग चप्पल शोधायचा.

तिसऱ्या किकेला लाल पिवळट झाला, मग नाही.
काटा सात. सात पूर्णांक दोन.
"रिकाम्यात लुकलुकंल," गैबीसाब म्हणाला,
"त्येचं काय मनावर घेऊ नका.
एकशे साठ. कार्बनचे वेगळे."

कन्ना चौकाच्या सिग्नलला थांबले
आणि तो परत पेटला, मिणमिणता.
मी रेस धरून ठेवली. वर सिग्नल हिरवा झाला.
मागचा पोरगा हॉर्नवरून हात काढेना:
ओ मावशी, निघा की, झाला ना हिरवा!

थांब बे, म्हटलं.
अजून एक आहे.